सदतीस नग मेकॅनिकल

शेजारचे रुपराव भोयर मला जामीन राहता का म्हणून विचारायला आले तेव्हा माझ्या तोंडात दोन जांभळं होती. बिया काढून उत्तर देईपर्यंत त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावला आणि "लय उपकार झाले भाऊ" म्हणत माझा हात हातात घेतला. अशा रीतीने मी सात लाख रुपयांना बांधला गेलो.

कर्ज रोहितच्या शिक्षणाचं होतं. रोहित हा रुपरावांचा एकुलता एक मुलगा. बारावी झाला होता, सीईटीत बरे गुण होते आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगशिवाय दुसरं काही नको म्हणत होता. हिंगण्याकडच्या एका खासगी कॉलेजात त्याला जागा मिळेल, असं जवळजवळ नक्की होतं. त्या कॉलेजातल्या पोरांनी स्वतः जोडलेली रेसची एक गाडी होती. ती गाडी पाहून आल्यापासून रोहित वरणभात खातानाही चमचा गिअरसारखा धरत होता. सगळ्या सवलती वजा जाऊन चार वर्षांचा खर्च सात लाख होत होता; त्यात कॉलेजची बस, लॅपटॉप, कोट आणि 'व्यक्तिमत्त्व विकास' धरलेला होता.

रुपराव लकडगंजात लाकडं कापायच्या एका आरा मशीनवर मोजणीदार आहेत. ट्रकमधून लाकडाचा लठ्ठा, म्हणजे ओंडका, उतरला की त्याची लांबी घ्यायची, घेर घ्यायचा, आतून पोकळ असेल तेवढं वजा करायचं आणि घनफूट सांगायचे. सव्वीस वर्षं हेच काम. त्यांचं म्हणणं असं, की विकणारा फीत ढिली धरतो आणि घेणारा आवळून धरतो, आणि जगातली सगळी भांडणं त्या दोन बोटांच्या फरकाची असतात. भाजीवाल्याकडच्या दुधी भोपळ्यालाही ते टिचकी मारून पाहतात. अशा माणसाला सात लाख न मोजता कसे देववणार?

"तुम्हीही चला," ते मला म्हणाले. "जामीनदारानं माल पाहून घ्यावा."

म्हणून आम्ही कॉलेज पाहायला गेलो. कोट घातलेल्या एका मुलीनं आम्हाला थंड खोलीत बसवलं. भिंतीवर एका हसऱ्या मुलाचा फोटो होता आणि खाली 'सर्वोच्च पॅकेज अठरा लाख' असं लिहिलेलं होतं.

"हा एकच नग आहे न?" रुपरावांनी विचारलं. "बाकीचे कुठी ठेवले?"

"सर, सरासरी सहा लाखांची आहे."

"मोजलं कोणं?"

"म्हणजे, सर?"

"म्हणजे फीत कोणाच्या हातात होती?"

तिनं आम्हाला एक एक पेन आणि एक एक कापडी पिशवी दिली. बाहेर आल्यावर रुपरावांनी पिशवीची शिलाई ओढून पाहिली आणि नुसती मान हलवली.

मग त्यांनी ठरवलं, की आपणच मोजायचं. एका संध्याकाळी हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळी ते एका कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि मोटरसायकलवरून निघणाऱ्या प्रत्येक तरुणाला "इंजिनिअर आहे का बेटा? किती भेटते?" असं विचारू लागले. पहिल्या तिघांना ते विमा एजंट वाटले. चौथ्याला युनियनवाले वाटले. पाचवा वॉचमन होता. आपल्याकडे अनोळखी माणसाला त्याचं गाव, गुडघ्याचं दुखणं आणि सुनेशी पटतं की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत विचारता येतं, पण पगार विचारला की तो घड्याळ पाहतो.

तिसऱ्या दिवशी रुपराव माझ्याकडे आले ते काखेत एक जाडजूड पुस्तक घेऊन. त्यांच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची ती पुस्तिका होती. त्यांच्या बायकोच्या, गोपिकावहिनींच्या, भाचीसाठी कधीतरी घरात आलेली. एका पानावर आठ मुलं. प्रत्येकाचा फोटो, उंची, शिक्षण, शेती आणि पगार. बहुतेकांच्या अंगात एकच निळा कोट होता, तो फोटो स्टुडिओचा असावा, कारण काहींना तो आखूड होता.

"हे पाहा भाऊ. मेकॅनिकल सदतीस नग आहेत. मी रात्री बसून निशाण्या केल्या. सरासरी सहा लाख चाळीस हजार."

"म्हणजे कॉलेज खरं बोलत होतं."

"नाही जी. इथंही फीत विकणाऱ्याच्याच हातात आहे. पण इथं आवळता येते." त्यांनी आवाज उतरवला. "पोरीच्या बापाले विचाराचा हक्क राहते."

हे मात्र खरं होतं. ह्या देशात बापाला स्वतःच्या मुलाचा पगार नीट कळत नाही. मुलीचा बाप मात्र कोणाच्याही मुलाचा पगार विचारू शकतो, स्लिप दाखवा म्हणू शकतो, आणि समोरचे त्याला वर चहा देतात.

"पण रुपरावजी, तुम्हाला मुलगी कुठे आहे?"

"नाही न. म्हणून तं भाव बरोबर कळन. ज्याले घ्यायचंच नाही त्याले कायचा मोह?"

अशा रीतीने त्या दुपारी माझ्या दिवाणखान्यात मिनल जन्माला आली. जन्मतः ती चोवीस वर्षांची, बी.कॉम., पाच फूट तीन इंच आणि मनमिळाऊ होती. उंचीवरून आमचा थोडा वाद झाला. मी पाच दोन म्हणत होतो.

फोन माझ्या घरून करायचे ठरले, कारण त्यांच्या घरी गोपिकावहिनी असत. रुपराव लाकडाच्या मोजणीची वही घेऊन बसले. तिच्यात रकाने छापलेलेच होते. त्यांनी फक्त 'लांबी' खोडून 'पुस्तकातला पगार' आणि 'घेर' खोडून 'हाती' लिहिलं. 'पोकळ' हा रकाना तसाच राहू दिला.

पहिला फोन उमरेडच्या एका बाईंनी घेतला.

"सहा लाख लिहून आहे जी. हातात कितीक येते?"

"हातात एकवीस."

"सहा लाखाचे महिन्याले पन्नास होतेत, ताई."

"ते पॅकेज आहे न भाऊ. पॅकेजमधी सगळं राहते. कंपनीची बस, कँटीन, विमा, पीएफ, अन् पाच वर्सं टिकला तं भेटते ते..."

"ग्रॅच्युइटी."

"हाव, तेच. अन् दरसाल बूट."

रुपरावांनी लिहिलं: 'हाती २१. बूट वेगळा.'

दुसऱ्या घरचा मुलगा पुण्यात होता आणि त्याला खरोखरच अठ्ठेचाळीस हजार मिळत होते. रुपरावांचा चेहरा उजळला. "कोणती फॅक्टरी जी?"

"फॅक्टरी नाही. कॉम्प्युटरमधी आहे."

"पण मेकॅनिकल न?"

"शिकला मेकॅनिकल. करून राहिला कॉम्प्युटर."

फोन ठेवून रुपराव बराच वेळ पेन्सिल चावत बसले. झाड सागाचं आणि कपाट प्लायवूडचं, असला माल कोणत्या पानावर चढवायचा, हे त्यांना सव्वीस वर्षांत कोणी शिकवलेलं नव्हतं.

एका मुलानं स्वतःच फोन उचलला. त्याच्या पगाराच्या जागी 'लवकरच' असं छापलेलं होतं. पाच वर्षं तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. "निकाल लागला का क्लास वन, काका!"

"अन् सध्या, बेटा?"

"सध्या अभ्यासिकेची फी भरून राहिलो. महिन्याचे सातशे."

"ह्याला काय लिहू?" मी विचारलं, कारण एव्हाना वही माझ्या हातात आली होती.

"वजा सातशे," रुपराव गंभीरपणे म्हणाले.

अशी पाच दुपारं गेली. सदतीसांपैकी एकोणतीस घरांनी उत्तरं दिली. काहींनी स्लिपचा फोटो पाठवला, काहींनी देवाची शपथ घेतली, एकानं सांगितलं की मुलगा आता ई-रिक्षा विकतो आणि मजेत आहे. सहाव्या दिवशी आम्ही बेरीज केली. जे खरोखर मशीनपाशी काम करत होते, त्यांच्या हाती सुरुवातीच्या तीनचार वर्षांत सरासरी तेवीस हजार येत होते. बँकेनं सांगितलेला हप्ता होता बारा हजार नऊशे, तोही दहा वर्षं, कारण शिकत असतानाचं व्याज मुद्दलात जाऊन सात लाखांचे साडेनऊ होत होते.

"तेवीसातून तेरा गेले," रुपराव म्हणाले. "उरले दहा." मग वही मिटून ते हळूच म्हणाले, "भाऊ, मले सत्तावीस भेटते. दहावी नापास आहो."

त्या रात्री त्यांनी घरी नाही म्हणून सांगितलं. सांगताना वही समोर ठेवली. ती कशी भरली ते मात्र सांगितलं नाही. 'माहिती काढली' एवढंच म्हणाले. रोहितनं वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"बाबा, ह्या लोकाइले त्याइचं काम आवडते का, ते विचारलं का तुम्ही?"

"त्याचा रकाना नाही."

"मंग मले काहून नापास करून राहिले? मी तं अजून ट्रकमधून उतरलोही नाही."

रुपरावांनी हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि म्हणाले, "पोट्टा बरोबर बोलला. पण बरोबर बोलण्यानं हप्ता भरल्या जात नाही."

गुरुवारी यादी लागली. रोहितला त्याच कॉलेजात मेकॅनिकलची जागा मिळाली. मंगळवारी पाचच्या आत बँकेचं पत्र घेऊन ती पक्की करायची होती. नाहीतर ती खालच्या नंबरच्या मुलाला जाणार. रोहितनं रेसच्या गाडीचा फोटो मोबाइलच्या पडद्यावरून काढून टाकला आणि तिथे गोपिकावहिनींनी पाठवलेला 'शुभ शुक्रवार' लावला. ते पाहून वहिनी रडल्या.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. दारात ऑटो थांबला. त्यातून पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ, इरकल नेसलेल्या एक बाई आणि एक किडमिडीत तरुण उतरले. तरुणाच्या हातात संत्रा बर्फीचा डबा होता.

"रुपरावजी भोयर इथंच न?" गृहस्थ म्हणाले. "मी महादेवराव झाडे. हा आमचा रजत. मेळाव्याच्या कमिटीकडून तुमचा पत्ता घेतला. म्हटलं, फोन करून गेलो तं माणूस तयारी करते. आम्ही मिनलले पाहायले आलो."

दार गोपिकावहिनींनी उघडलं होतं. "कोणती मिनल?"

रुपरावांनी हातातली बशी खाली ठेवली. "अवं, आपली मिनल. ते वर्ध्याले गेली न. तुझ्या बहिणीकडे."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चहाच्या कपात पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात बाई काय काय ओळखायला शिकते, ते मला त्या एका नजरेत कळलं.

"हाव, गेली खरी," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "मले विचारलं बी नाही. लय गुणाची आहे पोरगी. जन्मापासून एक दिवस तरास दिला नाही. ह्याइचीच लाडकी. या, बसा. पोहे टाकते."

महादेवराव ऐसपैस बसले. "नसन तं नसन. तुमच्यासारखी चौकशी कोणं केली नाही जी. बाकीचे पोरीवाले शेती किती विचारतेत अन् फोन ठेवतेत. तुम्ही तं पीएफ किती कटते तेही विचारलं. मी हिले म्हटलं, ह्या घरात संबंध झाला पाहिजे. पोरगी नाही तं नाही, आज पोरगा पाहून घ्या. विचारा, काय विचाराचं ते."

रजत मांडीवर हात ठेवून बसला होता. नखांच्या कडा काळ्या होत्या. मुलगी पाहायला येताना घासूनही न निघणारा काळेपणा. रुपराव काहीच विचारेनात. रोहित पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि ट्रे हातात धरूनच म्हणाला, "दादा, तुम्ही कोणत्या मशीनवर आहे?"

रजतनं पहिल्यांदा मान वर केली. "प्रेस शॉप. दोनशे टनाची प्रेस."

"ट्रॅक्टरचे पार्ट?"

"ब्रॅकेट." वहिनींनी नुकतीच आणून ठेवलेली पोह्यांची बशी त्यानं उलटी करायची तेवढी बाकी ठेवली आणि चमचा तिच्यावर आडवा धरला. "समज हे डाय, म्हणजे साचा. वरून हे येते. मागच्या साली आमचे पार्ट कोपऱ्यात चिरून जायचे. सगळे म्हणत पत्रा खराब आहे. पत्रा तीनदा बदलला. मी चार दिवस मशीनजवळ बसून राहिलो. फक्त ऐकत. मंग समजलं, एका बाजूनं ते केसभर आधी टेकते."

"आवाजावरून?"

"आवाजावरून अन् हातावरून. टेबलाले हात लावला का एका बाजूले जास्त थरारते. डाय काढून पाहिली. खाली एक बारीक पत्रीचा तुकडा अडकला होता. एवढासा! तो काढला अन् दिवसाले अकराशे पार्ट निघाले. एकही चिरला नाही."

दोघांची डोकी बशीवर एकत्र आली होती. पोहे निवले. बापांची कोणालाच आठवण नव्हती.

"बोनस देला का मंग?" रुपरावांनी विचारलं.

"नाही. मॅनेजर साहेबानं चहा पाजला." रजत हसला. "स्वतः आणून."

महादेवरावांनी खोकून घेतलं. "पगार तं तुम्हाले सांगितलाच आहे. पाच लाख साठ. हाती पस्तीस."

"साडेचोवीस," रजत म्हणाला.

"अरे..."

"बाबा, एवढा साधा माणूस आहे समोर. साडेचोवीस, काका. त्यात शिक्षणाच्या लोनचा हप्ता अकरा हजार आठशे. अजून सात वर्सं."

महादेवराव बर्फीच्या डब्याकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "सगळेच वाढवून लिहितेत जी. आपण एकट्यानं खरं लिहिलं तं आपलाच पोरगा कमी दिसते."

रोहितनं ट्रे टेबलावर ठेवला. "काका, मिनल नाही आहे."

"हाव बेटा. वर्ध्याले गेली न."

"वर्ध्यालेही नाही. कुठीच नाही. मले बहीणच नाही."

ह्याला हे कसं कळलं, असा प्रश्न मला पडला. मग लक्षात आलं की आपल्याला बहीण नाही हे माणसाला सहसा माहीत असतं. रुपराव उठले, कपाटातून मोजणीची वही आणली आणि महादेवरावांच्या हातात दिली. मग उभ्यानंच, खाली मान घालून, सगळं सांगितलं. सात लाख, कॉलेज, फीत, पुस्तिका. मी दाराकडची चप्पल कुठे आहे ते पाहून ठेवलं.

महादेवराव चष्मा लावून वाचत होते. "नग एकतीस. झाडे. पाच साठ. हाती पस्तीस. कंसात... 'बापाच्या तोंडून'?"

"सबूत नव्हता जी," रुपराव म्हणाले. आणि सवयीचा गुलाम माणूस, खिशातून पेन्सिल काढून त्यांनी महादेवरावांच्या हातातल्या वहीतच पस्तीस खोडून साडेचोवीस केलं.

महादेवरावांची मान लाल झाली. मला वाटलं आता डबा फेकतात. पण त्यांच्या पोटातून काहीतरी हलत वर आलं आणि ते हसू निघालं. "म्हणजे तुमची पोरगी नाही, अन् आमचा पगार नाही! मंग भांडाचं कायच्यासाठी?"

"मले तं तिची उंची लय आवडली होती," झाडेबाई खिन्नपणे म्हणाल्या. "पाच तीन."

मी रुपरावांकडे पाहिलं नाही.

गोपिकावहिनींनी पोहे पुन्हा गरम केले. खाताना रुपरावांनी रजतला विचारलं, आणि ह्या वेळी वही मिटलेली होती, "बेटा, आता फिरून पहिल्यापासून शिकाचं झालं, तं मेकॅनिकल शिकशीन का?"

रजत घास थांबवून विचार करत बसला. "शिकीन. पण साडेसहा लाखाले नाही."

"मंग कितीले?"

"तीन-चारले. मी साठ हजाराचा लॅपटॉप घेतला, दोन वर्सं त्याच्यावर सिनेमे पाहिले. बसचे पैसे भरले अन् गेलो मित्राच्या गाडीवर. तिथं सगळं म्हणतेत का कम्पल्सरी आहे. मी विचारलंच नाही. लोनमधी घेऊन टाक, म्हणत होते सगळे. लोनचे पैसे पैशासारखे वाटतच नाहीत, काका. हप्ता सुरू झाल्यावर वाटतेत."

सोमवारी आम्ही तिघं बँकेत गेलो. रुपराव वाटेत एवढंच म्हणाले, "पाहू, काय म्हणतेत ते." मी माझं पॅन कार्ड, दोन फोटो आणि धीर घेऊन गेलो होतो.

कर्ज विभागात वेदिका मॅडम म्हणून तिशीतल्या एक अधिकारी होत्या. कागद आधीच दिलेले होते. फक्त शेवटचं पान राहिलं होतं. त्यावर एक चौकोन होता: 'शिक्षणानंतर अपेक्षित मासिक उत्पन्न.'

"इथं पन्नास हजार लिहा," मॅडम म्हणाल्या. "सगळे तेच लिहितात."

रुपरावांनी पेन रोहितपुढे केला. "तू लिही. भरणार तू आहे."

रोहितनं पेन घेतला. चौकोन पाहत बसला. मग बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं: २४,५००.

मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "हे काय?"

"बरोबर आहे, मॅडम. मोजलेलं आहे."

"अरे, एवढ्या उत्पन्नावर सात लाखांचा हप्ता बसत नाही. मला कर्ज मंजूरच करता येणार नाही."

"कितीक बसते मंग?" रुपरावांनी विचारलं.

मॅडमनी कॉम्प्युटरवर आकडे टाकले. "हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवायचा तर... चार. चार लाख."

तीन लाख कमी. मंगळवार संध्याकाळ उद्यावर आलेली. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी नवं पान काढून रोहितपुढे ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाल्या, "दुसरं पान आहे हे. मी काही पाहिलं नाही."

रोहितनं बापाकडे पाहिलं. आयुष्यभर आकडा ओरडून सांगणारा माणूस त्या घटकेला हूं की चूं करत नव्हता. मी त्यांच्या मांडीवरची बोटं पाहिली. ती पँटची शिवण आवळून धरून बसली होती.

रोहितनं कोरं पान परत सरकवलं. "चारच द्या, मॅडम."

"बाकीचे तीन?"

"बस नको. बाबाची जुनी स्कूटर आहे, ते मी रिपेअर करीन. लॅपटॉप रजतदादाचा घेतो, बारा हजार म्हणून राहिला. तो व्यक्तिमत्त्व विकास कम्पल्सरी नाही, मी आज सकाळीच फोन करून विचारलं. दोनदा विचारलं."

"तरी दीडेक लाख राहते," रुपराव म्हणाले. "तुझ्या मायची बीसी, म्हणजे भिशी, डिसेंबरात उघडते. सव्वा लाख. तिनं काल रात्रीच सांगितलं, पण मले म्हणे आधी पोट्टा काय म्हणते ते पाहा. अन् रविवारी मी दुसऱ्या मशीनवर मोजणीले जाईन. ते कधीचे बोलावून राहिले."

मॅडमनी नवा हप्ता काढला: सात हजार चारशे. साडेचोवीसातून तेवढे गेले तर सतरा उरत होते. रुपरावांनी तो आकडा दोनदा म्हणून पाहिला आणि सही केली. मीही पेन उघडून पुढे सरकलो.

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"जामीनदार."

"चार लाखांपर्यंत जामीनदार लागत नाही."

पंधरा दिवस मी ज्या सहीच्या भीतीनं नीट झोपलो नव्हतो, ती आता कोणालाच नको होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटलं.

मंगळवारी चार वाजून वीस मिनिटांनी जागा पक्की झाली. खिडकीतल्या बाबूनं कोटाचे साडेतीन हजार लावले होते. ते 'ऐच्छिक' आहेत का, असं रोहितनं विचारलं. बाबूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हा शब्द त्या खिडकीशी आजपर्यंत कोणी उच्चारला नसावा. साडेतीन हजार वजा झाले.

बाहेर वर्कशॉपचं दार उघडं होतं. आत तीनचार मुलं त्या रेसच्या गाडीखाली आडवी झाली होती. नुसते पाय दिसत होते. रोहित जाऊन त्यांच्याशी काहीतरी बोलून आला तेव्हा त्याच्या नव्या शर्टाला ग्रीस लागलेलं होतं. रुपरावांनी ते पाहिलं आणि स्कूटरकडे चालू लागले. एरवी त्यांनी साबणाचा हिशोब सांगितला असता.

स्कूटरपाशी आल्यावर रोहितनं विचारलं, "बाबा, समजा मले जास्त भेटले तं?"

"कितीक?"

"पन्नास."

रुपरावांनी किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला. लठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना जाऊन यावं तसा त्यांनी प्रश्नाचा विचार केला.

"पन्नास भेटले तं डबल हप्ता भरजो. अन् कोणी विचारलं तं साडेचोवीसच सांगजो."

"काहून? खरंच पन्नास असन तरी?"

"अरे बापा, तू खरंच पन्नास सांगितले, तरी ऐकणारा मनात साडेचोवीसच धरन. मंग कायले तोंड दुखवते?"

असं म्हणून त्यांनी किक मारली. स्कूटर सुरू झाली नाही. रोहित लगेच खाली बसला, कान इंजिनला लावला आणि म्हणाला, "आणखी एकदा मारा, बाबा. पण हळू. मले ऐकू द्या."